शाळेच्या फाटकासमोर

बिबवेवाडी, मंगळवार संध्याकाळ

पाय भरून आलेत. गतिरोधक मंजूर झालाय म्हणे, रस्त्यावर मात्र दिसत नाही. म्हणून शाळा भरताना-सुटताना मीच हात आडवा करून उभी. शिकवायचं कधी?

सकाळी स्कूटरचा धक्का लागून माझ्या वर्गातली ईश्वरी पडली. गुडघा सोलवटला. स्कूटरवाले गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, खरचटलंय नुसतं. उशीर होतोय मला." मागे बसलेली त्यांची मुलगी रडायलाच लागली. "बाबा, ही माझ्या बाकावर बसते."

तो गुडघा डोळ्यांपुढून जात नाही.

दुपारी मुलीला न्यायला ते चालत आले. माझ्या शेजारी उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागले. एकही थांबेना.

"रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," म्हणत मी पुढच्या गाडीला हात आडवा केला.