पांढऱ्या दोऱ्याची अट

दिघी, मंगळवार दुपार

प्रिय हिरामण,

डॉक्टरांनी तुला आठ दिवस बोलायची बंदी केली आहे, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तू माझं पुरतं ऐकून घेणार. फोनवर नुसता हूं हूं करशील, म्हणून पत्र लिहितोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, सांभाळून घे.

काल कल्पिता वहिनींचा फोन आला होता. गालातली गाठ पूर्ण निघाली हे सांगताना त्यांचा आवाज हलका झाला होता. मग म्हणाल्या, उशी झटकताना चुन्याची डबी सापडली. तंबाखू सुटली नाही तर गाठ परत येईल, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोर बजावलं होतं. मला तुझा राग आला, आणि तुझी तलफही कळली. म्हणून माझं एक गुपित सांगतो. हसू नकोस, टाके ताणतील.

मी क्रोशा करतो. रुमाल, तोरणं, सगळं. इथे बंदराबाहेर ट्रेलरच्या रांगेत चार-चार तास जातात. चहाच्या टपरीवरची वेणूबाई गिऱ्हाईक नसलं की क्रोशाची सुई घेऊन बसते. एकदा मी टपरीच्या कडेला तंबाखू थुंकलो, तर म्हणाली, "हाताला काम न्हाय, म्हणून तुजं तोंड चालतंय." आणि सुई माझ्या हातात कोंबली.

मला वाटलं, एवढा ट्रेलर उलटा घेतो मी, या टीचभर सुईचं काय. तिने माझी पुरती जिरवली. स्टेअरिंग धरावं तसा दोरा आवळायचो, मग सुई आत शिरायचीच नाही. गोल रुमाल घेतला, तर दर फेरीला खांब, म्हणजे उभे टाके, वाढवायचे विसरलो आणि त्याची वाटी झाली. मागच्या ट्रेलरवरच्या रितेशने तिच्यात शेंगदाणे भरून रांगेभर फिरवली. चार वेळा उसवलं. एकदा रागाने सुई खाडीत भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नवी मागितली.

शेवटी एक रुमाल धड झाला. वेणूबाईने उलटून पाहिला, तर कडेने माझी पिवळट बोटं उमटलेली. तंबाखू मळायची, हात झटकायचे आणि दोरा धरायचा, दुसरं काय होणार? "ह्यो देवापुढं ठेवशील व्हय?" तिने विचारलं. मी रंगीत दोरा मागितला, तो तिने दिला नाही. पांढराच घे म्हणाली. मग रोज ठरवावं लागायचं, मळायची की विणायचं. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, घरात सगळ्यांवर खेकसायचो. पण खांब मोजताना मध्येच उठता येत नाही, आकडा चुकतो, आणि फेरी संपेपर्यंत तलफ ओसरलेली असते. आज चौदा महिने झाले. जवळ्याचं तिखट कालवण आता तोंडाची आग न होता जेवतो. दारावरचं तोरण बाबांनी केलंय, असं प्राप्ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यातला एक मोर जरा लठ्ठ झालाय, पण उसवणार नाही.

आता खरं सांगतो. आपण दोघं एकाच ट्रकवर मीठ वाहत होतो तेव्हा, पेणच्या रस्त्यावर भर दुपारी तुला डुलकी लागत होती. मी माझ्या तळहातावर मळून पहिला बार तुला दिला. तू नको म्हणत होतास, मी चिडवलं. परवा डॉक्टरांनी विचारलं, सवय कधीपासून? मी खाटेशेजारीच उभा होतो. तू बोटांनी वर्षं दाखवलीस, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. सोबत सुई आणि पांढरा दोरा पाठवतोय, पहिल्या दहा साखळ्या घालून दिल्यात. मला माफ कर हिरामण. त्या दुपारी नको असताना माझं मन राखायला घेतलंस, तसं हेही घे.

तेव्हाही तुझाच, आजही तुझाच,
अनंता