डोरिसआजींची स्नोमोबील

बेमिजी, मिनेसोटा
९ जानेवारी २००४

ती. एकनाथकाका,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शेजारच्या डोरिसआजींनी आम्हाला त्यांची जुनी स्नोमोबील चालवायला दिली होती. बर्फावरची स्कूटरच समजा: पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे फिरता पट्टा आणि तुमचं लाडकं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडरचं. त्यांच्या यजमानांनी, राल्फनी, एकाहत्तर साली घेतलेली. राल्फ गेल्या उन्हाळ्यात वारले.

केदारने गोठलेल्या तळ्यावर चक्कर मारली आणि इंजिन मध्येच जाम झालं. आजींनी एवढंच विचारलं, की पेट्रोलमध्ये ऑइल घातलं होतंस ना? केदार हो म्हणाला. त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. इथे आल्यापासून त्यांच्याइतकं जवळचं आम्हाला कोणी नाही हो. आणि खरं सांगू, मलाही केदारचं पटत नाही. हा माणूस चहात साखर विसरतो.

मी इंजिन खोललंय. एका सिलिंडरला आतून उभे ओरखडे आहेत, नख अडकतं. दुसरा आरशासारखा स्वच्छ. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, पण इंजिन खोलायला कोणी अडवत नाही. हे मी चालू करणारच. सुरुवात कुठून करू, तेवढं सांगा. काकूंना नमस्कार.

तुमची हिमानी


मॉरिसव्हिल
१६ जानेवारी

चि. हिमानी हिस काकाचे आशीर्वाद.

पत्र वाचून हात शिवशिवले. मुलाच्या, निमिषच्या, या अमेरिकेतल्या घरात दुरुस्त करावं असं काही नाही, सगळं नवंकोरं. पुण्यात स्कूटरच्या कारखान्यात माझी सगळी हयात इंजिनांपुढे गेली, तेव्हा ऐक.

आधी नवऱ्याची माफी माग. पेट्रोलमध्ये ऑइल नसतं, तर दोन्ही सिलिंडर खराब झाले असते. पेट्रोल दोघांना एकाच टाकीतून जातं ना? एकच खराब झाला, म्हणजे त्याच बाजूला कुठून तरी जादा हवा आत शिरत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, की पिस्टन तापतो, फुगतो आणि अडकतो. ती वाट शोध. नुसता सिलिंडर दुरुस्त करून चालवशील, तर पुन्हा जाम होईल. कार्बोरेटरकडून येणाऱ्या नळीची पॅकिंग बघ.

नख अडकतंय म्हणजे घासून भागणार नाही. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा कोरून घे आणि त्याच्या मापाचा मोठा पिस्टन बसव. घाई नको. तुझी काकू म्हणते, हातमोजे घाल.

एकनाथकाका


बेमिजी
२८ जानेवारी

ती. काका,
सा. न.

तुम्ही म्हणालात तिथेच सापडलं. खराब सिलिंडरच्या बाजूला पॅकिंगच नाही! कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवलाय, अगदी नीट, भोकंसुद्धा मापात. पेट्रोलने भिजून त्याचा भुगा होत आला होता. हे काम राल्फचं. त्यांच्याशिवाय या इंजिनाला कोणी हात लावलेला नाही, हे आजींनीच मला कौतुकाने सांगितलं होतं.

मी पुठ्ठा घेऊन तडक आजींकडे निघाले होते. केदारने कोट धरला. म्हणाला, जाऊ नकोस. तिचा नवरा गेलाय, तिच्याकडे त्याचं हेच उरलंय. माझ्यावर आळ राहिला तर राहू दे, यार, मी जिवंत आहे. मी चिडले. माझ्याच नवऱ्याला विसरभोळा ठरवून मी घरात किती बोलले, ते मला माहीत. माफी मागितली. तो हसून म्हणाला, चहाचं मात्र खरं आहे.

सिलिंडर डुलुथला बोअरिंगला दिलाय. काका, आजींना सांगू की नको?

हिमानी


मॉरिसव्हिल
४ फेब्रुवारी

चि. हिमानी,
आशीर्वाद.

मी असतो तर पुठ्ठा टेबलावर आपटला असता. पण नाव केदारचं खराब झालंय, तेव्हा ठरवायचं त्यानेच. मला हा जावई लग्नात फार गुळमुळीत वाटला होता. ते मत मागे घेतो. त्याला सांगू नकोस, शेफारेल.

पिस्टनच्या रिंगा बसवताना त्यांची तोंडं खाचेतल्या खुंटीवरच आली पाहिजेत. पहिल्या टाकीला ऑइल थोडं जास्त घाल, आणि सुरुवातीला दामटू नको. चालू झालं की लगेच कळव. मी पत्रपेटीच्या खेपा घालतोय.

काका


बेमिजी
२२ फेब्रुवारी

ती. काकांना आणि काकूंना नमस्कार.

चालू झालं! दोरी ओढून ओढून खांदा गेला, मग एकदम धूर आणि असा आवाज, की शेजारचं दार आपोआप उघडलं. आजी चपलांवरच बर्फात आल्या. इंजिनावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग केदारसमोर बोट नाचवून म्हणाल्या, की पुढच्या वेळी आधी ऑइल, मग पेट्रोल. केदार मान खाली घालून म्हणाला, येस मॅम.

मग त्या बूट घालून आल्या, स्वतः पुढे बसल्या आणि त्याला मागे बसवून तळ्यापलीकडे राल्फच्या मासेमारीच्या खोपटापर्यंत नेऊन आणलं. माझा शाकाहारी नवरा भलामोठा मासा छातीशी धरून परतला.

जाताना आजींनी मला मिठी मारली. म्हणाल्या, राल्फच्या हातात शेवटी शेवटी ती इतकी छान वाजत नव्हती, काय केलंस तू? मी म्हटलं, नवा पिस्टन घातला. केदारकडे मी पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर बोलल्यावाचून राहवलं नसतं.

आम्हा दोघांवर अशीच माया असू द्या, त्याच्यावर थोडी जास्त.

तुमची हिमानी