सहावा डोस आणि पिवळा दिवा

६ मार्च
कीमोचा चौथा डोस होऊन नऊ दिवस झाले. तोंडाला अजून पत्र्याची चव. उरले दोन: १८ मार्च, ८ एप्रिल.
ह्यांना आज सांगायचंच असं ठरवलं होतं, पुन्हा राहिलं. चार वेळा ग्वाल्हेरला गेलो, चारही वेळा सिस्टर सुई घेऊन आली की हे "गाडी बघून येतो" म्हणून खाली. बाटली संपेस्तोवर वर येणं नाही. छत्तीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांची पोटं फाडली या माणसाने, आणि बायकोच्या हातातली सुई बघवत नाही! कळतं मला. पण एकदा शेजारी बसावं. शेवटच्या डोसला तरी.
गाडीत पिवळा दिवा लागलाय. यूरिया खराब म्हणे.

९ मार्च
यूरिया म्हणजे शेतातला नव्हे. धूर साफ व्हावा म्हणून निळ्या झाकणाच्या टाकीत घालतात ते पाणी. पहिल्यापासून हेच भरतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आज नवा डबा ओतला. दिवा तस्सा. वर आता आकडा आलाय: ८०० किमीनंतर गाडी सुरू होणार नाही.
म्हटलं, ट्रेनने जाऊ, पास आहे की.
"आणि येताना ओकाऱ्या कुठे काढशील? मागच्या सीटवर आडवी होऊन येतेस, तशीच येशील."
बोलणं हे असं. पण मागच्या सीटवर उशी, चादर, कापलेलं लिंबू, सगळं स्वतः ठेवतात.

१३ मार्च
हे गाडी घेऊन चिरगाँवपर्यंत जाऊन आले. चालवली की दिवा जातो असं कुणीतरी सांगितलं. साठ किमी गेले, दिवा नाही गेला.

१८ मार्च
पाचवा. सुई दोनदा टोचावी लागली, शीर मिळेना. सिस्टर म्हणाली, "आंटी, अंकल जी फिर नीचे?" म्हटलं, गाड़ी की तबीयत ज़्यादा ख़राब है. हसली बिचारी. मला नाही हसू आलं.
परत आलो तेव्हा आकडा ५२०.

१९ मार्च, पाडवा
गुढी ह्यांनी एकट्याने उभारली. काठी तिरकी. कडुनिंब घेऊन आले, म्हटलं नको, तोंड तसंही कडूच आहे. मग स्वतःच दोघांच्या वाटची पानं चावत बसले. किती वेड्यासारखं प्रेम करतो हा माणूस, आणि नेमका हवा तेव्हा खाली पार्किंगमध्ये!

२६ मार्च
शोरूमवाल्यांनी मशीन लावून बघितलं, सेन्सर गेलाय म्हणाले, नवा दिल्लीहून येईल, दोन आठवडे. ह्यांना पटत नाही. आणखी एक डबा ओतला. पुन्हा चिरगाँव. तिसऱ्यांदा. दिवा घालवायच्या नादात किमी खाऊन टाकतायत. हट्टाला औषध नाही. ३४५.

३१ मार्च
कीमोने माझं नाक फार तिखट झालंय, फोडणीसुद्धा सोसत नाही. दुपारी मागच्या दारी चादर काढायला गेले तर भपकारा. डिझेल. कुठून येतंय बघितलं तर निळ्या टाकीचं नरसाळं, खिळ्याला लटकवलेलं, चकचकीत स्वच्छ.
"अहो, हे नरसाळं कशाने धुता?"
"डिझेलने. शेडमध्ये सगळं डिझेलनेच..."
आणि थांबले. दर वेळी नवा यूरिया, दर वेळी तेच धुतलेलं नरसाळं. त्या टाकीत थेंबभर डिझेलही चालत नाही, हे मला त्यांनीच सांगितलेलं. काखेत कळसा!
नरसाळं नाकाशी धरून बराच वेळ उभे होते. "मला वासच येत नाही, कुमुद. कधीपासून येत नाही, ते पण माहीत नाही."
मी हसायला लागले होते. मग रडूच आलं.

२ एप्रिल
बिजौलीला एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. टाकी उतरवली, तीनदा धुतली. "बाबूजी, जामें डीजल कौन ने डार दओ?"
ह्यात डिझेल कुणी घातलं, असं त्याने विचारल्यावर हे म्हणाले, "हमने."
एवढं सरळ कबूल करताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. मिस्त्री पण वरमला बिचारा. म्हणाला, सेन्सरही गेला असेल कदाचित, नसेलही. सौ-डेढ़ सौ चलाके देखो.

७ एप्रिल
चालवली. दिवा आहेच. आकडा ९४. ग्वाल्हेर शंभरच्या वर. सेन्सर आलेला नाही.
म्हटलं, टॅक्सी करू. नाही. बेत आधीच ठरलाय: चालू गाडी बंद पडत नाही, बंद केली तरच पुन्हा सुरू होणार नाही. म्हणून बंदच करायची नाही. हे खाली पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसणार. पाच तास! वर म्हणतात, "टाकी फुल्ल आहे, तू काळजी करू नकोस."
मग माझा तोल सुटला. म्हटलं, मला गाडी नकोय, तुम्ही हवे आहात. पाच वेळा एकटीने टोचून घेतलं, घाबरले, कुणाला सांगितलं नाही. परत नाही आलो घरी तरी चालेल, स्टेशनवर झोपू, पण माझ्याजवळ बसा.
हे उशीला नवा अभ्रा घालत बसले.

८ एप्रिल, हॉस्पिटल
उजव्या हाताला सलाइन, डाव्याने लिहितेय. ग्वाल्हेर दिसायला लागलं तेव्हा आकडा शून्य झाला. गाडी धावत होती. मला दाराशी उतरवलं, इंजिन चालूच. मी मागे न बघता सिस्टरबरोबर वर आले.
सिस्टरने दंड बांधला तेवढ्यात हे दारात. धापा टाकत. जिन्याने आले.
"बंद केली."
सुई गेली तेव्हा बघत होते. पूर्ण बघितलं. चेहरा पांढराफटक, पण मान वळवली नाही.
म्हटलं, सुरू नाही झाली तर?
"नाही झाली तर नाही झाली."
स्टूल आणखी जवळ ओढलंय. आता डावा हात मागतायत. वही ठेवते.