कुणाला साहेब म्हणतोस?

३ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न.

वि. वि. तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही. सोमवारी मी कारखान्यात आमच्या शॉपचा फोरमन झालो. आमचा लांब्या तुला ठाऊकच आहे. बारा वर्षं आम्ही शेजारशेजारच्या लेथवर उभे राहिलो, एका डब्यात जेवलो, शिवी दिल्याशिवाय एकमेकांना हाक मारली नाही. तो आता मला 'साहेब' म्हणतो! पाना मागितला की हो साहेब, चहाला बोलावलं की नको साहेब. बाकीचे गालातल्या गालात हसतात. ही जागा त्यालाही मिळू शकली असती, म्हणून हे टोमणे. मला कळत नाही का? हे साहेब-बिहेब बंद करा, असं काल सगळ्यांदेखत सुनावलं, तर मान खाली घालून म्हणतो, बरं साहेब.

तू शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासतेस. या शब्दात नक्की किती विष आहे ते बघून कळव.

तुझा वैतागलेला,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

शब्दात कसलं आलंय विष? 'साहेब' मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे त्याचा जुना अर्थ सोबती, बरोबर राहणारा. मग एखादी वस्तू ज्याच्यापाशी असते तो, म्हणजे मालक. मालकाचा धनी झाला, धन्याचा अधिकारी, आणि आता काम अडलं की समोर येईल तो साहेब! आमचे संपादक म्हणतात, 'सोबती' गाळा, कुणी वापरत नाही. तीन आठवडे यावरून हमरीतुमरी चालली आहे आणि पान अडून बसलंय. त्यात तुझं हे रडगाणं.

लांब्या टोमणे मारणाऱ्यातला नाही. तुला ताप आला तेव्हा सलग दोन पाळ्या उभं राहून त्याने तुझं काम उरकलं, हे तूच लिहिलं होतंस. सरळ त्यालाच विचार. रागाच्या भरात काही करून बसू नकोस.

माया आहे म्हणूनच बोलते.
ताई

१४ जून

ती. ताईस सा. न.

करून बसलो. लांब्याने दुसऱ्या कारखान्यात बदली मागितली. अर्जावर 'माननीय साहेब' वाचून माझं टाळकं सरकलं आणि मी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. सोबती म्हणे! कपाळ बडवून घेतलं.

आज त्याच्या घरी गेलो. वहिनींनी बस म्हणूनही म्हटलं नाही. लांब्या म्हणाला, सुरुवात तू केलीस. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणालास, तुम्ही तुमचं मशीन पुसून घ्या. बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही! मग मी तुला काय म्हणायला हवं होतं?

ताई, मी तसं म्हणालो होतो. त्याला एकट्याला अरे म्हटलं तर लोक म्हणतील दोस्ती चालली आहे, म्हणून सरसकट अहो केलं. आणि दोन आठवडे मीच धुमसतोय! उद्या मॅनेजरकडे अर्ज परत मागायला जातो.

धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मॅनेजर काय म्हणाले ते आधी लिही, पश्चात्ताप मागाहून. इथे माझ्या जिवाला घोर.

ताई

२४ जून

ती. ताईस सा. न.

मॅनेजरनी पाव तास उभं ठेवलं. विचार न करता सही केली, असं माझ्याकडून लिहून घेतलं, तेव्हा अर्ज परत मिळाला. लांब्याने तो खिशात कोंबला. जातोय की राहतोय, काही कळेना. आठवडाभर मी अरे म्हणून बोलवायचं आणि त्याने नुसतं हं करायचं.

आज दुपारी चालू लेथवर अडकलेला लोखंडाचा कीस काढायला मी मूर्खासारखा हात घातला. बाही ओढली गेली तोच लांब्या पलीकडून कडाडला, हात काढ गाढवा! झेप घेऊन त्याने मशीन बंद केलं. मग अख्ख्या शॉपसमोर मला जे झापलं, ते तुमच्या कोशात छापता येणार नाही. बाही फाटली, मनगटाला खरचटलंय, बाकी शाबूत. साहेब, जरा जपून, एवढं म्हणेपर्यंत बोटं गेली असती.

मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. खरं सांगतो ताई, इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मलम लावताना विचारलं, जाणार आहेस का रे? म्हणाला, तुझ्यासारख्याला इथे एकट्याला सोडून कसा जाऊ?

मनगट दुखतंय, त्यामुळे अक्षर वाकडं आलंय. माया तेवढी राहू दे.

तुझा,
धाकटा