ज्ञानवाटपाचे सोमवार

३ जून, सोमवार
कारखान्यातल्या कामगारांना कॉम्प्युटरवर शिकवायचा धडा, 'आग लागल्यास काय करावे'. आज कळलं, माझ्या दोन्ही टीम्स महिनाभर तोच करतायत. एक म्हणते जिन्याने उतरा, दुसरी म्हणते जागेवर थांबा. कामगार अर्ध्या जिन्यात विचार करत बसायचा. ग्राहकाला डेमो अठ्ठावीसला. टीमप्रमुख म्हणून निर्णय: दर सोमवारी ज्ञानवाटप. जो तो जे येतं ते इतरांना सांगणार.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. म्हणाली, वाटायला आधी जवळ असावं लागतं. तिला कॉर्पोरेट कळत नाही.

१० जून
पहिलं सत्र. प्रस्तावना माझी. प्रस्तावनेतच वेळ संपला. ग्राफिक्सवाला इतका तल्लीन, की डोळे मिटलेले.

१७ जून
आज इतरांनी बोलायचं. धडे लिहिणारी लेखिका उभी राहिली. तिचं वाक्य मी जरा पूर्ण केलं. मग पुढचीही. ती खाली बसली. तिचा विनय वाखाणण्यासारखा.

१९ जून
दोन्ही टीम्स चहाला जिन्यात बसतात. ग्राफिक्सवाला भिंतीवर बोटाने स्क्रीन काढून दाखवत होता, बाकीचे त्याच्याशी वाद घालत होते. मी दिसताच सगळे गप्प. आदर आहे. पण वेळ फुकट जातो. उद्यापासून चहा आपापल्या जागेवर.

२४ जून
धडा आता एकच, पण एका टीमचा आवाज सांगतो डावीकडे वळा, दुसरीचा बाण दाखवतो उजवीकडे. कोणी कोणाला विचारलंच नाही म्हणे. माझी सत्रं कमी पडतायत. आठवड्यातून दोन करावीत.

२५ जून
लेखिका केबिनमध्ये आली. शांतपणे म्हणाली, सर, आमचा जिना परत द्या, हवं तर सोमवार ठेवून घ्या.
डेमो तोंडावर. मन मोठं करून जिना दिला.

२८ जून
डेमो झकास. आवाज आणि बाण एकाच दिशेला. ग्राहकाने विचारलं, दोन टीम्सचा इतका मेळ कसा काय जमला. मी घसा साफ केला. तेवढ्यात आमचे मोठे साहेब म्हणाले, लेखिकाबाई सांगतील. तिने सांगितलं. दोन वाक्यांत संपलंसुद्धा.

१ जुलै, सोमवार
साहेबांचा आदेश: सोमवारचं सत्र बंद. त्याऐवजी सगळ्या खात्यांनी जिन्यात बसून शिकावं, लेखिका बघेल. मी म्हटलं, निदान प्रोजेक्टर मी सांभाळतो. साहेब म्हणाले, जिन्यात प्रोजेक्टर लागत नाही.
चहाच्या वेळी सहज तिकडून गेलो. कोणी गप्प झालं नाही. लेखिकेने नुसती पायरीवरची फाइल उचलली आणि जागा केली.
बसलो. तासभर एक शब्द बोललो नाही. घसा बसलाय, बहुतेक.