चूक माझीच निघाली!

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. आता ऐक: चूक माझीच निघाली! स्वतःच्या चुकीचा इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.

आमचा कंपायलर माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळणाऱ्या आज्ञांमध्ये उतरवतो. नव्या चिपसाठी त्या एकेका आज्ञेचा नमुना मी लिहिते. तीन आठवडे मोठे प्रोग्रॅम मध्येच बंद पडत होते आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते की चिपच सदोष आहे. तेव्हा तुला कळवलं नाही, उगाच तुझी झोप उडाली असती.

आज सकाळी उलगडा झाला. या चिपच्या बेरजेच्या आज्ञेत लहानच आकडा मावतो आणि माझ्या नमुन्यात ती अटच नव्हती. मोठा आकडा आला की तो कापला जायचा. अट घातली आणि सगळं सुरळीत!

मी तीन जिने धावत चढून आमच्या विभागाच्या मुख्य बाईंना गाठलं. "बाई, चिप चांगली आहे, मीच चुकले!"

त्यांच्यापुढे चिप परत पाठवायचं पत्र सहीसाठी ठेवलेलं होतं. त्यांनी ते फाडलंच. "इतक्या खुशीत चूक कबूल करणारी पहिलीच बघतेय," त्या हसून म्हणाल्या. "पुढची चिपही करशील? आणखी दोन वर्षं घरापासून लांब, इथेच राहावं लागेल."

बाबा काठी घेऊन फिरायला जातात ना, की लाज वाटते म्हणून घरीच बसतात? आणि तुझा खोकला?

आई, मी बाईंना हो म्हणून बसले आहे. बाबांना तूच सांग, पण त्यांचं जेवण झाल्यावर.

तुझीच,
धाकटी