मामांची दाढ आणि माझं रिकामं गाठोडं

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या दाढेची चौकशी करत नाही, कारण सूज कुठवर आली आहे ते मामीने फोनवर सविस्तर सांगितलं, आणि माझ्या कंपनीचा मेसेज आला नाही म्हणून तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत, असं म्हणून सगळं खापर माझ्यावर फोडलं. मी आधी कबुली देते. सोमवारची चूक माझीच.

पेशंटांना वेळेची आठवण करून देणारा आमचा प्रोग्रॅम क्लाउडवर, म्हणजे परक्याच्या कॉम्प्युटरवर, दोन सेकंद उठतो, काम करतो आणि नाहीसा होतो. तिथे त्याचं स्वतःचं काहीच नसतं, त्यामुळे त्याला लागणारा इतरांचा आयता कोड गाठोडं बांधून सोबत द्यावा लागतो. हाताने बांधलं की रोज काहीतरी राहायचं (माझा वेंधळेपणा तुम्हाला ठाऊक आहे). म्हणून मी बांधाबांध आपोआप होईल अशी सोय केली: प्रोग्रॅम एकदा चालवून बघायचा, तो कशाकशाला हात लावतो ते टिपायचं आणि तेवढंच भरायचं. डोकं बरं चाललं होतं, पण चाचणी घेतली रविवारी. रविवारी दवाखाना बंद. प्रोग्रॅमने यादी उघडली, आज कोणीच नाही हे पाहिलं आणि गप्प बसला. याला काही लागत नाही, अशी प्रामाणिक नोंद झाली. गाठोडं इतकं हलकं झालं की मी ते आमच्या मॅडमना कौतुकाने दाखवलं. सोमवारी अकरा पेशंट होते आणि मेसेज पाठवणारा कोडच गाठोड्यात नव्हता. एकालाही आठवण गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी दुपारी फोन करून शांतपणे सांगितलं की आज त्यांनी पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता चाचणीसाठी मी खोटे पेशंट तयार केले आहेत. त्यातला एक वेळ घेतो आणि येत नाही (तो तुमच्यावरून).

तुमची,
भाची

ता. क. इथून पुढचं मामीला वाचून दाखवू नका. गुरुवारी तुम्हाला दुसरी वेळ दिली होती. तो मेसेज पोचला. नऊ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही तो वाचलात आणि उत्तरात ‘बरं’ असंही लिहिलंत. मी मामीला बोललेले नाही.

आणखी एक. शनिवारी दहाची वेळ मी आपल्या दोघांच्या नावाने घेतली आहे. माझी दाढ दोन महिने ठणकते आहे आणि एकटीने त्या खुर्चीत बसायचा मला धीर होत नाही. तुम्ही शेजारी असलात तरच जाईन. याच, मामा. (पहिला नंबर तुमचा लावला आहे.)